मागे उभं राहू नका

नातसुनेने मला कॉम्प्युटर शिकवायला घेतला, त्या पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. झालं एवढंच की ती माझ्या खुर्चीमागे उभी होती, मी कुठलं तरी बटण दाबलं, पडद्यावरचं सगळं गेलं आणि ती ओरडली, "अहो आजी, ते नको!" तिचा हात माउसकडे आला. मला वाटलं माझ्याकडे आला. माझं वय ऐंशीच्या पुढे आहे.

"चक्कर आली का आजी?"

"नाही. मागे उभी राहू नकोस."

"मग कुठे उभी राहू?"

"पुढे."

"पुढे भिंत आहे," ती म्हणाली.

मला कॉम्प्युटर हवा होता तो लिहिण्यासाठी. मी चौथी शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, पण आता हात थरथरतो आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. बटण दाबलं की अक्षर सरळ येतं, तेवढंच मला पाहिजे होतं. नातसून नवऱ्याला म्हणाली, आजी मशीनला घाबरतात. ते खोटं आहे. गिरणीत माझी तीस वर्षं गेली. मशीनने मला कधी मारलं नाही. बोट त्यात घातलं तर ते कापेल, पण ते सगळ्यांचंच कापेल, त्यात राग नसतो. मी घाबरते ते मशीनसमोरच्या माणसाच्या मागे जो उभा असतो त्याला. ते कसं झालं ते आता लिहिते. तेवढ्यासाठीच शिकले.

आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील गिरणीत मागावर कापड विणत. आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. माझ्या आधीची दोन मुलं गेली होती, मी एकटी राहिले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या चाळीत मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे याबद्दल दोन मतं नव्हती. बाकी नळावरून रोज भांडणं होत, त्या एका गोष्टीवर मात्र सगळे एक. वडील घोषणा द्यायला पुढे असत. त्यांचा आवाज तीन चाळींपलीकडे जायचा. घरात आल्यावर तोच आवाज दहा बाय बाराच्या खोलीत असायचा.

घरात एक धोटा होता. मागावर इकडून तिकडे धावून आडवा धागा टाकतो तो लाकडी धोटा. दीड वितीचा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. झिजला म्हणून गिरणीने टाकून दिला, तो वडिलांनी घरी आणला. तो खुंटीवर छत्रीशेजारी असायचा. कशासाठी आहे हे कोणी विचारत नव्हतं.

एके दिवशी चाळीतल्या बायका मोर्च्याला गेल्या. आईही गेली. तिकडे लाठीमार झाला, बायका पळाल्या, कुणाची डोकी फुटली. आईला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती परत आली ती हसतच. तिची एक चप्पल गेली होती. दारात उभी राहून ती मला सांगत होती, एक पोलीस कसा तिच्यामागे धावला आणि स्वतःच्याच बुटात अडकून पडला. मी आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. वडील तिच्याआधी घरी आले होते आणि चूल पेटलेली नव्हती.

"कोणाक इचारून गेल्लंस?" वडिलांनी विचारलं.

"सगळी गेली, तशी मीय गेलंय. तुमीच सांगतास मां, प्रत्येक घरातसून माणूस येवक व्हया म्हणान."

वडिलांनी धोटा काढला. आईने डोक्यावर हात घेतला आणि धोटा हातावर बसला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. फार मोठा नव्हता. पापड मोडावा तेवढा.

परळच्या इस्पितळात त्या दिवशी लाठी खाल्लेल्यांची रांग होती. आम्ही त्या रांगेत बसलो. डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं? आई म्हणाली, "पोलिसान लाठी मारल्यान." डॉक्टरने वर बघितलंही नाही. तिच्याआधीच्या आठ जणांनी तेच सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी चाळीच्या चौकात आईला खुर्चीवर बसवून हार घातला. वडिलांनी तिचा प्लास्टरमधला हात धरून वर केला आणि घोषणा दिली. सगळी चाळ ओरडली. आईच्या तोंडावर काहीच नव्हतं. तो हात वर गेल्यावर किती दुखला असेल हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

हारापुरतं ठीक होतं. पण वाइंडिंग खात्यात आईची जागा होती, आणि एका हाताने गाठ मारता येत नाही. त्या खात्यावर बायांची नायकीण होती. तिच्या मनात आलं तर बाई राहणार, नाही आलं तर जाणार. ती चाळीत आली, हार बघितला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरीला पाठव. पंधरा दिवस बघते. शिकली तर तुझा हात बरा होईस्तोवर जागा तुझी. नाही शिकली तर माझी भाची हाय बसलेली." मला पंधरावं चालू होतं. वय वाढवून सांगितलं.

जागा म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आईला त्या घरात उभं राहायला तीच एक जागा होती. सकाळी भोंगा झाला की ती वडिलांच्या हाताबाहेर जायची आणि पाळी सुटेपर्यंत तिला कोणी हात लावू शकत नव्हतं. आणि माझं असं होतं की वडिलांनी गावी एक बिजवर बघून ठेवला होता. त्याच्या दोन मुलांतला मोठा माझ्याएवढा होता. नायकीण गेल्यावर आई म्हणाली, "माझी जागा गेली तर बापूस तुका त्या बिजवराच्या गळ्यात बांधतलो. समजलां? आता बस हय."

तिने खाटेच्या दोन पायांना सुताचे दोन धागे बांधले आणि मला गाठ शिकवली. वाइंडिंगमध्ये सगळं काम त्या एका गाठीचं. लांब लोखंडी चौकट असते, तिच्यावर ओळीने चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या लोखंडी काड्या, फिरतात. खालच्या लहान कांडीवरचं सूत वरच्या मोठ्या बॉबिनीवर चढतं. मध्येच कुठेतरी धागा तुटतो. तुटला की ती चाती थांबवायची, दोन टोकं शोधायची, एकावर एक घ्यायची, अंगठ्यावरून फास फिरवायचा, ओढायचं, शेपट्या तोडायच्या, चाती सोडायची. तोवर दुसरीकडे तुटलेला असतो. गाठ बारीक पाहिजे. जाड झाली तर पुढे मागावर फणीत अडकते आणि तिथला विणकर वाइंडिंगच्या बायांच्या आया काढतो. माझे वडील रोज काढायचे.

आईने मला मारूनच शिकवलं. तिलाही असंच शिकवलं होतं, तिला दुसरी पद्धत माहीत नव्हती. ती खाटेवर माझ्या मागे बसायची आणि गाठ चुकली की प्लास्टरचा हात माझ्या डोक्यात घालायची. तिच्या हातालाही कळ जायची. मग आम्ही दोघी एकदम कळवळायचो आणि ती म्हणायची, "ही गाठ आसा की सुपारी? परत मार."

दोन दिवसांत मी गाठ शिकले. डोळे मिटून मारायचे. तिसऱ्या दिवशी खात्यात गेले आणि एकही जमली नाही.

खात्यात आवाज असा की शेजारचीचं बोलणं ओठांवरून समजायचं. हवेत कापसाचे तंतू. नायकीण दोन ओळींच्या मधल्या वाटेने फिरायची, म्हणजे सगळ्यांच्या मागून. हातात रिकामी लाकडी बॉबीन. ज्या बाईच्या दोन चात्या बंद दिसतील तिच्या डोक्यात ती बसायची, नाहीतर बोटांच्या सांध्यांवर. ती येतेय हे ऐकू येत नव्हतं. मग मी कामाऐवजी पाठीनेच बघायला लागले. पाठ सगळं बघत होती आणि बोटं मेली होती. पहिल्यांदा बॉबीन बसली तेव्हा मी दोन्ही हात डोक्यावर घेतले. हात डोक्यावर, समोर पाच धागे तुटलेले. म्हणून दुसरी बसली. दुसरी बसली म्हणून हात खाली येईनात.

बायका हसायच्या. एक म्हणाली, "डोकं घट्ट धर गो, नाहीतर बॉबिनीवर गुंडाळलं जाईल!" दुसरी म्हणाली, "हिच्या आयशीन पोलिसाची लाठी खाल्ली, आणि हिका नायकिणीची बॉबीन सोसवना!" नायकीणसुद्धा हसली आणि हसता हसता तिसरी मारली.

चार दिवस असे गेले. घरी गेलं की आई विचारायची आणि मी खोटं सांगायचे. पण शेजारच्या खोलीतली बाई त्याच खात्यात होती, ती खरं सांगायची. मग प्लास्टर. मला आठवतं, डोक्यावर मी बोटांनी टेंगळं मोजत असे. एका बाजूची आईची होती, दुसऱ्या बाजूची नायकिणीची.

ओळीच्या शेवटी, मोरीच्या दाराजवळ, एक बाई काम करायची. नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत यायची. तिच्या जातीला तेव्हा अस्पृश्य म्हणत. त्याच वर्षी दसऱ्याला त्या लोकांनी धम्म घेतला, पण हे त्याआधीचं. तिचं पाणी वेगळं होतं. तिच्या चात्यांकडे कोणी बाई मदतीला जायची नाही, आणि तिला मदत लागायचीही नाही. तिच्या चात्या बंद दिसायच्या नाहीत. खात्यातल्या सगळ्या बायांना मी मावशी म्हणत होते. तिला काही म्हणत नव्हते.

पाचव्या दिवशी नायकिणीने मला शेवटी, तिच्या शेजारी टाकलं. ती शिक्षा होती. बायका एकमेकींकडे बघून तोंडं वाकडी करत होत्या. नायकीण जेवायच्या सुट्टीआधी हिशेबाला बाहेर गेली तेव्हा ती बाई आपल्या जागेवरून फिरून माझ्या चौकटीच्या पलीकडच्या बाजूला आली. म्हणजे माझ्या समोर. मध्ये फिरत्या चात्या आणि पलीकडे तिचं तोंड.

"तोड," ती म्हणाली.

मला वाटलं मला ऐकू आलं नाही.

"धागा तोड. चांगला चाललाय तो. तोड."

"मारतील."

"मी बघत्ये मागं. नायकीण आली तर डोळं मोठं करीन. तोड म्हणत्ये ना."

मी तोडला. काही झालं नाही. चाती फिरत राहिली.

"आता जोड. घाई नको. फिरू दे तिला, तिला काय कळतंय? ती तुझी वाट बघत नाही आणि तुझ्यावर रागवत बी नाही."

मी जोडला. "तोड," ती म्हणाली. तिने माझ्याकडून तो धागा दहा-बारा वेळा तोडून घेतला. तोपर्यंत मला सगळ्यांनी धागा तुटू नये म्हणून मारलं होतं. धागा तुटणारच असतो. तुटतो म्हणून तर तिथे बाया ठेवलेल्या असतात. एवढी साधी गोष्ट मला आईनेही सांगितली नव्हती, आणि आई त्या खात्यात बारा वर्षं होती.

मग तिने एक बारकी गोष्ट दाखवली. सुताचं टोक पिंजलेलं असेल तर गाठ जाड होते. तिने टोक ओठांत धरून ओलं केलं, बोटांत पीळ दिला आणि सुईसारखं झालेलं टोक चात्यांमधून माझ्यापुढे धरलं. घ्यायला.

मी घेतलं, आणि घेतल्याबरोबर परकराला पुसलं. पिंजलं परत. तिने बघितलं. दुसरं टोक घेतलं, ओलं केलं, पीळ दिला, पुढे धरलं. तेही मी पुसलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पुसलंस की पुन्हा पिंजतंय. तुझं तू ठरव." आणि आपल्या जागेवर गेली.

त्या दिवशी शेजारच्या बाईने आईला सांगितलं, तुमची मुलगी कोपऱ्यात कोणाकडे शिकते ते. आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"तिच्या थुकीचो धागो घेतलंस?"

"पुसून घेतला," मी म्हटलं.

आईने मला त्या दिवशी जितकं मारलं तितकं वडिलांनीही कधी मारलं नव्हतं. प्लास्टरला चीर गेली. शेवटी ती स्वतः भिंतीला टेकून बसली आणि हात पोटाशी धरून रडायला लागली. हात दुखतो म्हणून. वडील खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "आवाज खाली करा, लोक ऐकतत."

मी विचार केला तो असा. धर्म बाटण्याचा वगैरे विचार मला आला नाही, तेवढी अक्कल नव्हती. माझे दहा दिवस उरले होते. दोघींनी डोकं फोडून जे शिकवलं ते हातात येत नव्हतं, आणि तिने समोर उभं राहून अर्ध्या तासात जे शिकवलं ते आलं होतं. बिजवराच्या मोठ्या मुलाचं तोंड मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ती समोर आली, टोक पुढे धरलं, मी घेतलं आणि पुसलं नाही. मी चांगली मुलगी होते म्हणून नाही. मला जागा हवी होती.

तिनेही काही कौतुक केलं नाही. "असं," म्हणाली. "आता तुझं तू ओलं कर."

आठवडाभर ती रोज सुट्टीआधी समोर यायची. मला नायकीण यायच्या आधी कळायला लागलं, कारण ती डोळे मोठे करायची. मग पाठीने बघायचं काम उरलं नाही. पाठ तिने सांभाळली आणि बोटं मोकळी झाली. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. एकदा मी सगळ्या ओळीत एकही चाती बंद न ठेवता नायकीण जाईपर्यंत उभी राहिले आणि नायकीण माझ्यामागून मारायला काही न सापडल्यामुळे तशीच गेली. त्या बाईने समोरून जीभ काढून दाखवली. मी हसले म्हणून मग नायकिणीने वळून मारलं.

चौदाव्या दिवशी बाहेर गोळीबार सुरू झाला. भोंगा वेळेआधी झाला, माग बंद पडले, दरवाजे उघडले. गिरणी अचानक बंद झाली की कानात शिट्टी वाजते. त्या शिट्टीतच आम्ही रस्त्यावर आलो. रस्ताभर दगड, काचा, जळलेलं टायर. माझ्यापुढे एक माणूस चालला होता, डबा काखेत. तो चालता चालता खाली बसला. मला वाटलं चप्पल तुटली. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, जणू मीच काहीतरी केलं. त्याच्या मानेतून रक्त उसळून येत होतं. डबा उघडला आणि भाकरी रस्त्यावर घरंगळली. कोणीतरी मला हाताला धरून एका जिन्याखाली ओढलं. तिथे वीस-पंचवीस माणसं एकमेकांवर. बाहेर गोळी, मग दगड, मग पुन्हा गोळी. एक बाई देवाचं नाव घेत होती आणि एक माणूस तिला आईवरून शिव्या देत होता, गप बस म्हणून. तीन तास तसे गेले. शांत झाल्यावर बाहेर आले तेव्हा तो माणूस तिथे नव्हता. भाकरी होती.

घरी पोचले तर वडील दारात. ते गिरणीतून सरळ घरी आले होते, मला तीन तास उशीर. माझ्या पोलक्यावर रक्त होतं. ते कोणाचं हे त्यांनी विचारलं नाही.

"खय हुतंस?"

मी तोंड उघडलं तोवर धोटा आला. मी डोक्यावर हात घेतले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर बसला. ते घाबरले होते हे मला आता कळतं. त्यांना वाटलं असेल मी मेले. पण घाबरलेल्या माणसाचा धोटाही लोखंडाच्याच चोचीचा असतो.

तीन दिवस गिरणी बंद राहिली. बोटं वांग्यासारखी झाली होती. आईने हळद गरम करून लावली, फडकं बांधलं आणि संध्याकाळी फडकं सोडून धागा हातात दिला. "मार," म्हणाली. तीन दिवस मी सुजल्या बोटांनी खाटेच्या पायाशी गाठी मारल्या. त्या तीन दिवसांत तिने मला मारलं नाही. तिला माझी दया आली असेल असं मला वाटत नाही. तिला भीती वाटत असावी.

गिरणी उघडली तो माझा पंधरावा दिवस. नायकिणीने मला कोपऱ्यातून काढून ओळीच्या मधोमध उभं केलं, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि स्वतः माझ्या मागे राहिली. तिथून कोपऱ्यातली ती बाई दिसत नव्हती. डोळे मोठे करायला कोणी नव्हतं.

पहिला धागा तुटला. मी टोक ओठांत घेतलं. मागून बॉबीन बसली, डोक्याच्या त्याच जागी. का मारलं ते मला आजही माहीत नाही. बघायचं असेल, हात वर जातात का. हात गेले नाहीत. मी टोक पिळलं आणि गाठ मारली. दोन बोटं वाकत नव्हती म्हणून करंगळीने ओढली. दुसरी मारली. बॉबीन पुन्हा बसली. डोळ्यांत पाणी आलं त्यामुळे सूत दिसेना, पण गाठ मला डोळे मिटून येत होती. मनात मी म्हणत होते, तोड, तोड. नायकिणीने किती वेळ बघितलं कोण जाणे. मग तिने बॉबिनीवरून नख फिरवून माझी गाठ शोधली. सापडली नाही.

तिने चौकट थांबवली. आवाज कमी झाला. बायका वळून बघायला लागल्या.

"कुणी शिकवलं गं?"

सगळ्यांना माहीत होतं. नायकिणीलाही माहीत होतं. शेजारच्या खोलीतली बाई माझ्याकडे बघत होती. मी खरं बोलले असते तर नायकिणीने मला काढलं असतं का? माहीत नाही. मला त्या बायांमध्ये डबा खायचा होता, त्यांच्या माठातलं पाणी प्यायचं होतं.

"आईने," मी म्हटलं.

"मग बरोबर," नायकीण म्हणाली. "राहा."

कोपऱ्यातून ती बाई मोठ्याने म्हणाली, "आईनं बेस शिकवलं हां." दोन-तीन बायका हसल्या. मीही हसले.

त्यानंतर ती कधी माझ्यासमोर उभी राहिली नाही. पुढे सहा वर्षं आम्ही एका खात्यात होतो. मी जवळून गेले की ती कामाकडे बघायची. मग तिला दुसऱ्या पाळीत टाकलं आणि मग ती दिसेनाशी झाली.

आईचं प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं होतं. अंगठा पुरता फिरत नव्हता. एक दिवस ती कामावर आली. माझ्या शेजारी उभी राहून तिने गाठ मारायचा प्रयत्न केला. धागा हातातून निसटायचा. मला तो पकडून ओला करून तिच्यापुढे धरावासा वाटला. मी धरला नाही, नायकीण बघत होती. दुपारी नायकिणीने तिला घरी पाठवलं. संध्याकाळी आई मला म्हणाली, "माझी जागा खाल्लंस." ती त्यानंतर चोवीस वर्षं जगली आणि हे वाक्य तिने मागे घेतलं नाही. तिचंही बरोबर होतं. ती सकाळी घरात आणि संध्याकाळी घरात, वडिलांच्या हाताशी. मी भोंग्याबरोबर बाहेर.

बिजवराला वडिलांनी कळवलं की मुलगी कामाला लागली, थांबा. तो थांबला नाही.

मग मी एका सुट्टीच्या दिवशी धोटा चुलीत घातला. लाकूड चांगलं होतं, तेल प्यायलेलं. भात नेहमीपेक्षा लवकर शिजला. लोखंडी चोची राखेत उरल्या, त्या मी मोरीत टाकल्या. वडिलांनी खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या थोबाडीत मारली. मी डोकं झाकलं नाही. त्यानंतर ते आईला हातानेच मारायचे. हाताचा मार कमी लागतो, एवढाच त्यातला फायदा.

संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा चौकात मांडव घातला आणि आईला पुन्हा खुर्चीवर बसवलं. नारळ दिला. तो तिने डाव्या हातात घेतला. वडिलांनी घोषणा दिली, आणि खोटं कशाला सांगू, मीही ओरडले, मनापासून. मुंबई आम्हाला मिळाली होती. आईच्या हाताची गोष्ट मात्र तशीच राहिली. आजही चाळीतले जुने लोक भेटले की म्हणतात, तुमच्या आईने लाठी खाल्ली होती.

हे सगळं मी नातसुनेला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की टेबल भिंतीपासून ओढ आणि पलीकडे बस. तिने टेबल ओढलं. पलीकडे स्टूल घेऊन बसली. तिला पडदा दिसत नव्हता, माझं तोंड दिसत होतं.

"आता काय करू आजी?"

"मला मुद्दाम चुकायला सांग."

"म्हणजे?"

"काहीतरी लिहिते. मग घालवते. मग परत आणते. तू ओरडू नकोस."

दोन दिवस मी लिहिलेलं घालवत होते. पहिल्या वेळी सगळं गेलं तेव्हा माझी मान आखडली, मी वाट बघितली. काही आलं नाही. पडदा पांढरा, आणि रेघ लुकलुकत होती. महिनाभरात एका बोटाने लिहिता यायला लागलं. उजव्या हाताची ती दोन बोटं अजून पुरती वाकत नाहीत, म्हणून एकच.

परवा खालच्या मजल्यावरची एक म्हातारी आली. मी लिहिताना बघून चकित झाली. म्हणाली, "बाई गं! कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

नातसून स्वयंपाकघरात होती. मी तिला हाक मारली, बाहेर बोलावली, म्हातारीसमोर उभी केली आणि म्हटलं, "हिने."

मग म्हातारी गेल्यावर मी पुन्हा बसले. नायकिणीने सगळ्यांसमोर विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. एकेक अक्षर शोधत लिहिलं. मध्ये एकदा चुकून सगळं गेलं, पुन्हा लिहिलं.

गाठ मला मावशीने शिकवली.